रद्द, शून्य की घटस्फोट? सिंधुदुर्गातल्या एका लग्नाचं प्रकरण

प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. कायद्याच्या दृष्टीने जे महत्त्वाचं ते तसंच ठेवलं आहे.

मुलगी देवगडकडची, बारावी झालेली, घरची परिस्थिती बेताची. मुलगा शेजारच्या तालुक्यातला, पण नोकरीला मुंबईत आणि राहायला विरारला. चाकरमानी. मे 2023 मध्ये मुलीच्या दारात मांडव घालून लग्न लागलं. भटजी, होम, सप्तपदी, सगळं रीतसर. ग्रामपंचायतीत नोंदणीही झाली. लग्नानंतर मुलगी सासरी गावातच राहिली. "रूम लहान आहे, मोठी बघतो, मग नेतो," असं नवरा सांगायचा. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. तो मुंबईत, ती गावात, भेट मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला, असे कितीतरी संसार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

फेब्रुवारी 2024 मध्ये ती सहा महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणाआधी सासरच्या रेशनकार्डावर नाव चढवून घ्यावं म्हणून माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन ती दिरासोबत तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत गेली. कारकुनाने संगणकावर कार्ड उघडलं आणि सहज विचारलं, "यात सून आधीच आहे. तुम्ही दुसऱ्या मुलाच्या का?" दिराचं लग्न झालेलं नव्हतं. तो खाली बघायला लागला. कार्डावरचं ते नाव मुलीने तिथेच वाचलं.

रात्री नवऱ्याचा फोन आला. "ते जुनं आहे. कधीच मिटलंय. कागद आहे माझ्याकडे." कागद खरोखरच होता. 2016 साली त्याचं पहिलं लग्न झालं होतं आणि 2019 मध्ये शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली होती. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. मजकूर नेहमीचा: आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही, दोघांनाही दुसरे लग्न करण्यास मुभा राहील. असे कागद तालुक्याच्या कोर्टाबाहेरचे टायपिस्ट डोळे मिटून टाइप करतात. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारच्या कायदा खात्याने नोटरींना बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका, ते तुमचं काम नाही. पण तोवर निघालेले कागद घराघरांत, लोखंडी कपाटांत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले आहेतच.

मुलीने काय करावं? सहा महिन्यांची गरोदर बाई त्या दिवशी उठून कोर्टात जात नाही. ओटीभरण झालं, माहेरी आली, मे महिन्यात मुलगी झाली. सप्टेंबरात दोन्हीकडचे थोर म्हणाले, बाळाचा पहिला गणपती आहे, घरी नेऊया. ती गेली. 7 सप्टेंबरला चतुर्थी, गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत राहिली. नवरा आला होता. मखरापुढे बाळाला घेऊन दोघांचे फोटो निघाले. हे फोटो पुढे कोर्टात दाखल होणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या मनात यायचं काही कारण नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस मुलगी आणि तिची आई माझ्याकडे आल्या. मुलीचं मागणं होतं, "घटस्फोट हवा." आईचं वेगळंच. ती म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्या चेडवाचा लगीन झाला की नाय झाला, तेवढा माका सांगा."

प्रश्न आईचाच बरोबर होता. मुलीने नेमकं काय मागायचं, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं.

तीन मागण्या

बोलताना आपण लग्न मोडलं, काडीमोड झाली, फारकत घेतली, सोडचिठ्ठी दिली असं काहीही म्हणतो. वर्तमानपत्रं "न्यायालयाने विवाह रद्द केला" एवढ्यात सगळं आटोपतात. याचिकेच्या शेवटी "सबब नम्र विनंती की" असं लिहून जे क्रियापद घालायचं, तिथे मात्र ही सैल भाषा चालत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये त्या जागी तीन वेगवेगळ्या गोष्टी मागता येतात.

पहिली, घटस्फोट. कलम 13. लग्न झालं होतं, चांगलं कायदेशीर होतं, आता ते संपवा. हुकूमनाम्याच्या तारखेला लग्न संपतं, त्याआधीची वर्षं लग्नाचीच राहतात.

दुसरी, विवाह रद्द करणे. कलम 12. इथे लग्न कायद्याने उभं असतं, पण त्याच्या पायात दोष असतो: नपुंसकत्वामुळे संबंध न येणं, लग्नावेळी संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणं, जबरदस्तीने किंवा फसवून संमती मिळवणं, नवरीला लग्नावेळी दुसऱ्याकडून दिवस गेलेले असणं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कोर्टात येऊन मागितलं तर कोर्ट ते लग्न रद्द करतं. तो आलाच नाही, तर लग्न शेवटपर्यंत वैध. कायद्याच्या पुस्तकात अशा विवाहाला शून्यकरणीय म्हणतात.

तिसरी, विवाह शून्य असल्याचं घोषित करणे. कलम 11. इथे कोर्ट काही मोडत नाही आणि काही रद्दही करत नाही. मुळात लग्न झालेलंच नाही, एवढंच ते सांगतं. याची कारणं तीनच: लग्नाच्या वेळी एखाद्याचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, निषिद्ध नातं (कायद्याने लग्नाला मनाई केलेली जवळची नाती), आणि सपिंड नातं (ठरावीक पिढ्यांच्या आत पूर्वज एकच असणं). शेवटच्या दोन्हींत रूढीची सवलत आहे. पहिल्याला कसलीही सवलत नाही.

वयाचा यात समावेश नाही, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. मुलगी सतरा वर्षांची असताना लावलेलं लग्न आपोआप शून्य होत नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने ते त्या मुलीच्या इच्छेवर रद्द करण्याजोगं ठेवलं आहे आणि त्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांची मुदत दिली आहे. गावात "बेकायदेशीर लग्न" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. बेकायदेशीर असूनही लग्न टिकू शकतं, हे समजावून सांगताना माझी दमछाक होते.

आणखी दोन गोष्टी कोकणात आधीच विचारून घ्याव्या लागतात. लग्नाची नोंदणी गोव्यात झाली आहे का? सावंतवाडी-दोडामार्गकडच्या सोयरिकी पेडणे-डिचोलीत सर्रास होतात, आणि तेरेखोल ओलांडली की हिंदू विवाह कायदाच लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो. आणि लग्न चर्चमध्ये लागलंय का? मालवण-वेंगुर्ल्याच्या कॅथलिक घरांत चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं की लोक मोकळे झालो असं समजतात. धर्माच्या दृष्टीने ते मोकळे असतीलही, पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात सांगून ठेवलं आहे की त्या निर्णयाने कायद्यातलं लग्न सुटत नाही. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा लागतोच. आमच्या प्रकरणात यातलं काही नव्हतं.

कागद वाचल्यावर

पहिल्या बैठकीत मी हे प्रकरण कलम 12 चं धरून चाललो होतो. आधीचं लग्न लपवलं, म्हणजे प्रतिवादीविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली. फसवणूक. यात एक घड्याळ लागलेलं असतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात याचिका दाखल झाली पाहिजे. तिला फेब्रुवारी 2024 मध्ये कळलं, म्हणजे फेब्रुवारी 2025 पर्यंत वेळ होता. वेळेची अडचण नव्हती. अडचण गणपतीची होती. फसवणूक कळल्यानंतर अर्जदार आपल्या पूर्ण संमतीने समोरच्यासोबत नवराबायको म्हणून राहिला असेल, तर कलम 12 चं दार बंद होतं. मखरापुढचे फोटो समोरचा वकील हमखास काढणार. पाच दिवस सणाला राहणं म्हणजे "नवराबायको म्हणून राहणं" का, घरच्यांच्या आग्रहाला "पूर्ण संमती" म्हणायचं का, यावर वाद घालता आला असता. जिंकण्याची खात्री मात्र देता आली नसती.

मग मी सोडचिठ्ठी पुन्हा वाचली. सगळे तो कागद पहिलं लग्न संपल्याचा पुरावा म्हणून वाचत होते. मुलगीही तसाच वाचत होती. तिची तक्रार एवढीच की "मला आधी सांगितलं नाही." पण हिंदू विवाह कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय संपत नाही. दोघांची राजीखुशी असली तरी कलम 13-ब खाली अर्ज करून कोर्टासमोर यावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने 2019 मध्ये काहीही संपलेलं नव्हतं. म्हणजे मे 2023 मध्ये मांडवात उभा राहिलेला नवरा विवाहित होता, आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं: नाही झालं.

दोन्ही लग्नांच्या तारखा आणि तो कागद यांपलीकडे कलम 11 ला काही लागत नाही. वर्षाची मुदत नाही. फसवणूक कळल्यावर राहिली की नाही याला महत्त्व नाही. जे शून्य आहे ते राहण्याने भरत नाही. गणपतीचे फोटो निरुपयोगी झाले.

यावर मुलीच्या मामाने रास्त शंका काढली. लग्न मुळातच झालेलं नाही, तर कोर्टात जायचं कशाला? यमुनाबाई आढाव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये असंच म्हटलेलं आहे की असा विवाह कायद्याने आपोआप शून्य असतो, त्यासाठी हुकूमनाम्याची वाट पाहावी लागत नाही. तत्त्व म्हणून मामाचं खरं होतं. पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ती विवाहित आहे, आधारकार्डावर नवऱ्याचं नाव आहे, आणि उद्या तिचं दुसरं लग्न ठरलं तर समोरचे लोक ग्रामसेवकाकडे चौकशी करतील, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे उघडून बसणार नाहीत. कागदावर झालेलं लग्न पुसायला कागदच लागतो.

पण काडीमोडीचं काय?

इथे प्रकरण सोपं राहिलं असतं तर मी ते लिहायला घेतलं नसतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये एक वाक्य आहे. रूढीने मान्य असलेला घटस्फोट या कायद्याने बाधित होत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड, फारकत, पाट (बाईचं दुसरं लग्न) यांची रीत होती आणि तिला मान होता. नवऱ्याने पुढे आपल्या कैफियतीत, म्हणजे याचिकेला दिलेल्या लेखी उत्तरात, हेच धरलं: आमच्या समाजात पंचांसमोर सोडचिठ्ठी करण्याची रूढी आहे, 2019 चा कागद त्या रूढीनुसार झाला, म्हणून पहिलं लग्न तेव्हाच संपलं. हे सिद्ध झालं असतं तर कलम 11 ची मागणी कोसळली असती.

असा बचाव येऊ शकतो, म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये याचिका दाखल करताना मागण्या उतरंडीने लिहिल्या होत्या. मुख्य मागणी, विवाह शून्य असल्याचं घोषित व्हावं. ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी, फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द व्हावा. तीही न झाल्यास क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळावा. काही वकील अशा पर्यायी मागण्या टाळतात, बाजू दुबळी दिसते म्हणून. मला ते पटत नाही. कलम 11 वर बेतून वर्षभर थांबलो असतो आणि नवऱ्याची रूढी सिद्ध झाली असती, तर फसवणुकीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असती. याचिका मुलीच्या माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात केली. 2003 च्या दुरुस्तीपासून बायकोला ती राहते तिथे दाद मागता येते, त्यामुळे "प्रकरण वसईला न्या" हा नवऱ्याचा आग्रह टिकला नाही.

त्याच्या कैफियतीने आमचं एक मोठं काम मात्र परस्पर केलं. पहिलं लग्न रीतसर लागलं होतं हे शाबीत करण्याची जबाबदारी आमच्यावर होती. त्यासाठी त्या लग्नाचे भटजी, फोटो, साक्षीदार गोळा करावे लागले असते, कदाचित पहिल्या बायकोलाही समन्स काढावं लागलं असतं. "ते लग्न झालं होतं, पण सोडचिठ्ठीने संपलं," असं लिहून त्याने लग्नाची कबुली दिली. आता वाद फक्त सोडचिठ्ठीचा, आणि रूढी सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या 2002 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे: रूढीचा घटस्फोट हा अपवाद आहे, तो मांडावाही लागतो आणि पुराव्याने उभाही करावा लागतो.

त्यांनी गावच्या एका वयस्क मानकऱ्याला साक्षीला आणलं. माणूस सरळ होता. सरतपासाच्या, म्हणजे साक्षीदाराच्या पहिल्या जबानीच्या, शपथपत्रात वकिलाने लिहून दिलेलं सगळं होतं: अनादी कालापासून, अखंड, सर्वमान्य वगैरे. उलटतपासात मी फक्त साधे प्रश्न विचारले. पंच कोण होते? आठवत नाही. बैठक कुठे झाली? गावात नाही झाली, मुंबईत कागद झाला म्हणून ऐकलं. तुमच्या डोळ्यांदेखत अशी सोडचिठ्ठी कधी झाली? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पयला होयचा तसा. आता लोक कागदच करतत." यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. रूढी पुरातन लागते, तशीच ती चालूही लागते. 2019 च्या कागदावर पंचांचं नाव नव्हतं, रूढीचा उल्लेखही नव्हता. साक्षीदार दोन, दोघेही कंपनीतले मित्र.

शून्याची किंमत

"लग्न झालंच नव्हतं" हे ऐकायला मोकळं वाटतं. पण ज्या बाईकडून ते मागून घेतलं जातं तिला त्याची किंमतही सांगावी लागते, आणि ती याचिकेवर सही घेण्यापूर्वी सांगावी लागते.

लग्न शून्य असेल तर ती त्या माणसाची पत्नी कधीच नव्हती. उद्या तो वारला तर ती विधवा नाही, वारस नाही. कलम 12 मध्ये असं नसतं. तिथे हुकूमनामा होण्याआधी नवरा गेला, तर बायको वारस म्हणून उभी राहू शकते. सासरची हापूसची बाग होती, कलमं चांगली जुनी. मुलीच्या आईने त्याबद्दल विचारलं, आणि तिने विचारायलाच हवं होतं.

बाळाचं तसं नाही. कलम 16 मुळे शून्य विवाहातलं मूलही औरसच धरलं जातं आणि आईबापाच्या मालमत्तेत त्याला हक्क मिळतो. अडचण एवढीच की कोकणातली जमीन सहसा "बापाची" नसते. सातबारा उघडला की आजोबा, चुलते, मुंबईला गेलेल्या आत्या, कधीच वारलेले काका, अशी नावांची रांग असते आणि वाटप कुणी केलेलं नसतं. सप्टेंबर 2023 मध्ये रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता बराचसा सोडवला. बापाच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटप झालं असतं तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून त्याच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात या मुलाला हिस्सा आहे. चुलत्यांच्या वाट्यात नाही. आणि बाप हयात असेपर्यंत मागता येईल असं काही नाही.

पोटगीच्या बाबतीत मला खरी धास्ती होती. याच यमुनाबाई निवाड्यात असंही म्हटलेलं आहे की अशी स्त्री जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली "पत्नी" नाही. पुढे 2013 मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात कोर्टाने वाट काढली, की पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला आपल्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही. पण हिंदू विवाह कायद्यातल्या कायम पोटगीबद्दल निरनिराळे निकाल होते. आमची याचिका दाखल झाल्यावर काही आठवड्यांतच, 12 फेब्रुवारी 2025 रोजी, सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो प्रश्न निकाली काढला: विवाह शून्य घोषित झाला तरी कलम 25 खाली कायम पोटगी मागता येते, आणि दरम्यान कलम 24 खाली खर्चही मिळू शकतो. देणं न देणं कोर्टाच्या विवेकावर. त्याच निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या 2004 च्या पूर्णपीठाने अशा स्त्रीसाठी वापरलेल्या "अनौरस पत्नी" या शब्दप्रयोगाचा खरपूस समाचार घेतला आहे. फसून लग्न केलेल्या बाईला आपण निकालपत्रात कोणत्या नावाने हाक मारतो, यालाही अर्थ असतो. हा शब्द कायद्याच्या पुस्तकांत इतकी वर्षं मुकाट छापला जात होता याची मला लाज वाटते.

फौजदारी मार्गही खुला होता. लग्न मे 2023 चं म्हणजे जुन्या दंड संहितेची कलमं 494 आणि 495 लागली असती. पहिलं लग्न लपवून दुसरं करण्याला त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलीच्या घरच्यांनी तो रस्ता धरला नाही. बाळाचा बाप तुरुंगात गेला तर बाळाच्या दुधाचे पैसे कोण देणार, एवढा सरळ हिशोब त्यांनी केला.

निकाल आणि त्यानंतर

2025 संपता संपता निकाल लागला. रूढी सिद्ध नाही, पहिलं लग्न मे 2023 मध्ये कायम होतं, सबब उभयतांचा विवाह शून्य असल्याचं घोषित. पर्यायी मागण्यांवर जायची गरज पडली नाही. बाळासाठी दरमहा रक्कम ठरली. मुलीच्या कायम पोटगीचा अर्ज वेगळा चालू आहे, नवऱ्याने पगाराचे कागद अजून हजर केलेले नाहीत. त्याला अपिलासाठी नव्वद दिवस होते, त्याने ते केलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं असतं तर मुंबईला जावं लागलं नसतं, कारण ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. फोंडा किंवा गगनबावडा घाट चढला की झालं.

मुलीने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन विवाह नोंदणीत शेरा मारून घेतला, आधार बदललं आणि माहेरच्या रेशनकार्डावर नाव परत आणलं. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये "अविवाहित" आणि "घटस्फोटित" एवढेच दोन चौकोन होते. कायद्याने ती घटस्फोटित नाही. तरी तिने खाली रेघ ओढून जे घडलं ते दोन ओळींत लिहून दिलं. त्यात मी काही सुचवलं नाही आणि सुचवायची गरजही नव्हती.

या सगळ्यात एक बाई कुठेच पक्षकार नव्हती. पहिली बायको. तिने 2020 मध्ये, त्याच शंभर रुपयांच्या कागदाच्या भरवशावर, दुसरं लग्न केलं. वसईला राहते, तिला एक मुलगा आहे. तिला साक्षीला बोलवावं लागलं नाही याचा मला आनंद होता. कारण तिच्या तोंडून सोडचिठ्ठीची हकिकत काढून घेणं म्हणजे तिच्याच संसाराखालचा पाट तिच्याकडूनच ओढून घेणं झालं असतं. तरी निकालाची बातमी तिच्यापर्यंत पोचलीच. तिचा फोन आला. मी समोरच्या बाजूचा वकील, तुम्ही तुमचा वकील गाठा, असं आधी सांगितलं. पण एवढं तर कुणीही सांगितलं असतं: पहिलं लग्न आजही चालू आहे, म्हणून तिचं 2020 चं लग्नही त्याच कारणाने शून्य. तिच्या मुलाचा हक्क कलम 16 ने शाबूत. पहिल्या नवऱ्यासोबत मिळून तिला कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट घ्यावा लागेल. त्यातली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत, अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017 च्या निवाड्यामुळे, इतकी वर्षं वेगळे राहिलेल्यांना कोर्ट माफ करू शकतं. नवऱ्यालाही आता मोकळं व्हायचंच आहे, त्यामुळे तो सही देईल अशी चिन्हं आहेत.

घटस्फोट मिळाल्यावर आत्ताच्या नवऱ्यासोबत लग्न पुन्हा लावावं लागेल, नोंदणीही नवी. जुनी नोंद ठेवून फक्त तारीख पुढची घालता येईल का, असं तिने विचारलं. येत नाही. मग तिने विचारलं की नव्या लग्नाच्या फोटोत मुलगा दिसला तर चालेल ना. चालेल, म्हटलं.